माशाची तिथी

दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे. बाकीचे धडे मी पगारासाठी शिकवते. भिंगांचा धडा आला की माझाच चेहरा अंतर्वक्र होतो, आणि विद्युतधारेच्या तासाला मुलं आणि मी सगळेच घड्याळाकडे बघत असतो. उत्क्रांतीचा धडा मात्र फुकट शिकवायला सांगितला तरी मी शिकवीन. ही गोष्ट संस्थेच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी घेते, कारण संस्थेचा काही भरवसा नाही.

का आवडतो म्हणाल, तर कारण साधं आहे. बाकीच्या धड्यांत मुलं विचारतात, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" या एका धड्यात विचारतात, "मॅडम, हे खरं आहे का?" वर्षभर खडू झिजवल्यावर शिक्षकाच्या वाट्याला हा प्रश्न एकदाच येतो. तो दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढला जावा, हे मला सहन होणारं नव्हतं. आणि नेमकी तीच वेळ आली होती.

आमची शाळा आगाशीच्या रस्त्याला, मराठी माध्यमाची. वर्गात अर्नाळ्याच्या कोळ्यांची मुलं आहेत, नंदाखालच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांची आहेत, आणि विरार पूर्वेच्या इमारतींतून शाळेच्या बसने येणारी नोकरदारांची आहेत. मधल्या सुट्टीत डबे उघडले की एका बाकावर सुकट, दुसऱ्यावर केळफुलाची भाजी आणि तिसऱ्यावर साबुदाण्याची खिचडी निघते. सजीवांची विविधता शिकवायला मला तक्ता लागत नाही. भांडणंही डब्यांवरूनच होतात आणि ती सोडवायला वर्गशिक्षिका म्हणून मलाच बोलावतात.

त्या वर्षी मी हा धडा गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरू केला. फळ्याच्या कडेला खडूचा एक ठिपका काढला आणि म्हटलं, "हे आपण. आता इथून मागे जायचं. शंभर वर्षं म्हणजे एक मिलिमीटर." पणजोबा, खापरपणजोबा सगळे ठिपक्यातच मावले. वसईचा किल्ला बांधला गेला तो नखाएवढ्या अंतरावर. सोपाऱ्याचा स्तूप दोन बोटांवर. मग रेघ फळ्यावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून दाराबाहेर व्हरांड्यात, आणि माझ्यामागून अख्खा वर्ग. व्हरांडा संपून मुतारीची भिंत आली तेव्हा कुठे दगडाची हत्यारं घडवणारी माणसं भेटली. शाळेचा शिपाई कमरेवर हात ठेवून ही रेघ बघत होता. "ही पुसणार कोण?" एवढंच त्याने विचारलं. मानवजातीच्या इतिहासाबद्दल त्याची दुसरी शंका नव्हती.

"आता अशीच रेघ ओढत ओढत अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत गेलो," मी म्हटलं, "तर तिथे पाण्यातून जमिनीकडे बघणारा एक मासा भेटेल. तो आपला पूर्वज."

अर्नाळ्याच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील बोटीवर जातात. "मॅडम, म्हणजे आमचा बाप जाळ्यात आजोबांनाच पकडतो?"

वर्ग लोळायचा बाकी राहिला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली. गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या घंटेनंतर मुलांना वर्गात थांबवणं देवालाही जमलं नसतं, कारण सुट्टी त्याचीच होती.

उरलेला अर्धा धडा असा होता, की आज जाळ्यात येतो तो मासा आपला पूर्वज नव्हे. आज झाडावर बसलंय ते माकडही नव्हे. ही सगळी आपली चुलत भावंडं. आपला आणि त्यांचा पूर्वज एक होता, तो केव्हाच गेला, आणि त्याची लेकरं चारी दिशांना पांगली. हा अर्धा फार महत्त्वाचा. पण सुट्टी संपली तोवर घटक चाचणी आली, चाचणीमागून तिचे पेपर आले, आणि पूर्वजाच्या जागी तो मासा तसाच लटकत राहिला. तेवढ्यात पितृपक्ष लागला.

मनवेलपाड्याहून येणारी एक मुलगी आहे माझ्या वर्गात, हुशार आणि त्याहून जास्त बोलकी. एका सकाळी तिचे आजोबा शाळेत आले. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ, आणि काखेत मधोमध भोक असलेली हवेची गोल उशी. मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्यांनी आधी खुर्चीवर उशी ठेवली, तिच्यावर बेताबेताने बसले, आणि मग मला बोलावणं आलं.

"बाई," ते म्हणाले, "माझी नात माझ्या पाया पडत नाही."

"आजोबा, मी विज्ञान शिकवते," मी म्हटलं. मूल्यशिक्षणाच्या बाई शेजारच्या खोलीत बसतात, हेही सांगणार होते.

"विज्ञानामुळेच पडत नाही."

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. ते मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दर पितृपक्षात वडिलांच्या तिथीला त्यांच्या घरी श्राद्ध असतं. गुरुजी येतात, वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतली जातात, कावळ्याला पान ठेवतात, मग मुलं मोठ्यांच्या पाया पडतात आणि पानं वाढली जातात. यंदा मधेच नातीने गुरुजींना विचारलं, "तीनच का? त्यांच्या आधीचे कुठे गेले?" गुरुजी म्हणाले, शास्त्रात तीनच सांगितलेत. त्यावर ती म्हणाली, "आमच्या शास्त्रात मासा आहे."

"गुरुजींच्या हातातली पळी खाली पडली," आजोबा म्हणाले. "पुढचं ऐका. पाया पडायची वेळ आली तर म्हणते, आजोबा, रांगेने पडू ना? आधी मासा, मग बेडूक, मग पाल. तुमचा नंबर यायला वेळ लागेल."

मला हसू फुटणार होतं. मी खोकला काढला. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं बघितलं, की खोकला खरा झाला.

"आणि हे आता नाही सुरू झालं," आजोबा पुढे म्हणाले. "गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरलो, माकडहाड दुखावलं. मी विव्हळतोय, आणि ही उशाशी बसून सांगते, आजोबा, घाबरू नका, ते नुसतं शेपटीचं उरलेलं आहे, त्याचा तसाही काही उपयोग नाही."

"ते पुढे होतं धड्यात," मी पुटपुटले. "तिने पुढचं वाचून काढलेलं दिसतंय."

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं लवकर तापतं आणि जीभ त्याच्याही आधी. मी म्हटलं, "आजोबा, मुलीने विचारलेला प्रश्न चांगला आहे. तीनच का, हे मलाही माहीत नाही. हुशार नात मिळाली म्हणून पेढे वाटायचे की तक्रार करायची?"

आजोबा चिडले नाहीत. उशीवर जरा सरकून बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी घरातले सगळे हसले. मुलगा हसला, सून हसली, गुरुजीसुद्धा हसले. मी एकटा हसलो नाही. माझ्या हयातीत, मी समोर बसलेलो असताना हे हसतात. मी गेल्यावर माझं नाव कोण घेणार, आणि घेतलं तर कसल्या तोंडाने घेणार?"

माणूस भांडायला आला असता तर मी पुरून उरले असते. तो घाबरून आला होता.

मुख्याध्यापिका व्यवहारी बाई आहेत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रकरण आधीच पोचलं होतं आणि दोघाचौघांनी "आमचाही मुलगा उलट बोलतो" असं लिहिलं होतं, जणू मुलं उत्क्रांतीच्या आधी सुलट बोलत होती. बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. गुरुवारी खुला वर्ग ठेवायचा. ज्यांची हरकत आहे ते पालक येऊन बसतील, आजोबाही बसतील. त्यांचं समाधान झालं तर धडा माझ्याकडे राहील. नाही झालं तर मुलं तो घरी वाचतील, पुढच्या वर्षीपासून दहावीचं विज्ञान दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल, आणि मला जलसुरक्षा हा विषय मिळेल.

जलसुरक्षेबद्दल मला आदर आहे. आमच्या भागात पाण्याचा टँकर आला की मी स्वतः बादली घेऊन उभी राहते. पण जलसुरक्षेच्या तासाला "मॅडम, हे खरं आहे का?" असं आजवर कुणी विचारलेलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि माझं जेवण जात नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे आमच्या आचोळ्याच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी कोकणातली, ताटात मासळी असताना माझी भूक कधी मेल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

सकाळी डोकं चालायला लागलं. पालकांना शब्दांनी पटत नाही, डोळ्यांनी पटतं. पुस्तकात मासा आणि बेडूक यांच्यामधला दुवा म्हणून फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशाचं चित्र आहे, पण तो मासा परदेशात राहतो. आपल्याकडे खाडीच्या चिखलात निवट्या आहेत. ओहोटी लागली की हा बोटभर मासा पुढच्या परांवर रेलून चिखलातून टुणटुण चालत जातो, डोळे वर काढून इकडेतिकडे बघतो आणि कुणी जवळ आलं की बिळात घुसतो. तो आपला पूर्वज नाही, पण पाण्यातला जीव जमिनीवर पाऊल कसं टाकत असेल, हे त्याच्याइतकं झकास कोण दाखवणार? काचेच्या पेटीत चिखल घालायचा, निवट्या सोडायच्या, आणि आजोबांच्या डोळ्यांदेखत मासा चालवून दाखवायचा. मी वर्गात विचारलं, "निवट्या कोण आणेल?" बोटीवाल्याच्या मुलाने हात वर केला. "जिवंत हव्यात हं," मी बजावलं. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ."

गुरुवारी मी काचेची पेटी धुऊन पुसून टेबलावर ठेवली. पहिल्या बाकावर आजोबा, उशीसकट. त्यांच्या शेजारी नात, घडी घातलेल्या हातांनी, तोंडावर वर्षातून एकदा येणारी गरीब कळा. मागे चार पालक. त्यांतले नंदाखालचे एक गृहस्थ बसच्या वेळेची मीटिंग समजून आले होते. विषय कळल्यावर म्हणाले, "याला आमच्या फादरांची काय हरकत नाय. तुम्ही चालू द्या," आणि बसून राहिले. मुख्याध्यापिका दाराशी. सगळे आले, आणि निवट्यांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात दारात मुलगा आला. त्याची नजर स्वतःच्या बुटांवर होती. मागून त्याची आई, केसांत अबोलीचा गजरा, नेसूचं ठेवणीतलं लुगडं, हातात भलामोठा स्टीलचा डबा. तिने तो डबा काचेच्या पेटीशेजारी ठेवला आणि झाकण उघडलं. वर्गात कोकम, लसूण आणि ओल्या मिरचीचा असा वास सुटला, की मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली.

"हे काय?" मी विचारलं. खरं तर दिसत होतं.

"निवट्यांचं कालवन," ती म्हणाली. "पोरगा बोलला, बाईंना निवट्या होव्यात. आता बाईंच्या हातात कच्चं म्हावरं देवाचं? आमाला काय रीत नाय? घान काढली, हलद-मीठ लावलं, मस्त शिजवल्या. भाकऱ्या पन हायेत."

मी मुलाकडे बघितलं. तो बुटांकडे बघतच म्हणाला, "मॅडम, दोन दिवस बादलीत उड्या मारत होत्या. मी सांगितलं होतं आईला, जिवंत पायजेत म्हणून. ती बोलली, जिवंत कोण खातं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. बंदरावर मासळी विकत घेणाऱ्याला कच्ची देतात. मानाच्या माणसाने मागितली तर साफ करून, शिजवून, झाकून देतात, आणि शाळेतल्या बाईंच्या हातात बादलीभर चिखल देणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. फक्त माझा पुरावा त्या आदरापायी मसाल्यात शिजून गेला होता. पर विरघळले होते. चालणारा मासा आता कुठेही चालणार नव्हता. मुख्याध्यापिकांनी घड्याळ बघितलं. मला डोळ्यांपुढे जलसुरक्षेचं पुस्तक दिसायला लागलं.

माणूस बुडायला लागला की हातपाय मारतो. मी हात डब्यात घातला. एक निवटी शेपटीला धरून उचलली, सगळ्यांसमोर तोंडात घातली आणि दोन्ही बाजूंनी अलगद ओरपून काटा बाहेर काढला. यात मला तोड नाही. माझ्या अंगची ही एकमेव कला आजवर कुठल्याच गोपनीय अहवालात नोंदली गेली नव्हती. काटा अखंड निघाला. कालवण उत्तम होतं, तेही सांगून टाकते. माळकरी आजोबांनी डोळे मिटले होते.

"आजोबा, झालं. उघडा," मी म्हटलं आणि काटा पांढऱ्या कागदावर ठेवला. "हा माशाचा कणा. एकापुढे एक मणके. आता सगळ्यांनी आपला हात आपल्या पाठीवर न्या. मानेपासून खाली."

मुलं चाचपायला लागली. पालक आधी लाजले, मग चाचपायला लागले. नंदाखालचे गृहस्थ अर्ध्यात अडकले तेव्हा त्यांच्या पुढच्या मुलाने त्यांना मदत केली.

"तेच मणके," मी म्हटलं. "माशाला, बेडकाला, पालीला, चिमणीला, माकडाला, आपल्याला. आणि अगदी खाली, जिथे कणा संपतो..."

"तिथलं मला विचारा," आजोबा म्हणाले.

वर्ग हसला, आणि या वेळी आजोबाही थोडेसे हसले. माझ्या जिवात जीव आल्यासारखं झालं. मग मी अडकून पडलेला अर्धा धडा काढला. फळ्यावर एक बुंधा, बुंध्याला फांद्या, फांद्यांच्या टोकांना मासा, बेडूक, माकड, माणूस. टोकावरचं कुणीच कुणाचं पूर्वज नाही. सगळे एकमेकांचे चुलत. "म्हणून," मी बोटीवाल्याच्या मुलाला म्हटलं, "तुझे वडील आजोबांना पकडत नाहीत. चुलत भावाला पकडतात. तोही फार लांबचा."

आजोबांनी मान हलवली. "बाई, हे तर जास्तच वाईट झालं. पूर्वज परवडला, तो निदान मेलेला असतो. चुलत भाऊ म्हटला की गावच्या जमिनीत वाटा मागायला येतो."

"बरोबर बोलले बाबा," मुलाची आई मागून म्हणाली. "चुलत्यांशी आमचं पन पटत नाय. पकरला तर पकरला."

पहिल्या बाकावरचा माळकरी आणि शेवटच्या बाकावरची मासळीवाली यांचं असं एकमत झालेलं बघून मुख्याध्यापिका दारातून आत आल्या आणि बसल्या. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात आजोबा उभे राहिले. उभं राहताना त्यांना दुखलं, ते दिसलं.

"हे सगळं कळलं," ते म्हणाले. "मासा कळला, माकड कळलं. पण तुम्ही नातीला सांगितलंत की पणजोबा खडूच्या ठिपक्यात मावले. मग या अर्नाळ्यापर्यंतच्या रेघेत मी कुठे? एवढ्या मोठ्या खटल्यात माझी गरज काय?"

पुस्तकात याचं उत्तर नाही, आणि गाइडमध्ये तर नाहीच. मी फळ्यापाशी गेले. झाडाच्या बाजूला तो ठिपका आणि रेघेची सुरुवात पुन्हा काढली, आणि ठिपक्याच्या अगदी लगत रेघेचा केसाएवढा तुकडा बोटाने पुसला.

"आता हे बघा," मी म्हटलं. "मागे अर्नाळ्यापर्यंत सगळं शाबूत आहे. मासा आहे, बेडूक आहे, हत्यारंवाले आहेत. फक्त केसभर जागा रिकामी आहे. तर या ठिपक्याचं काय होईल?"

मग नातच हळूच म्हणाली, "ठिपका नसेल."

"या रेघेतला प्रत्येक जण मूलबाळ होईपर्यंत जगला," मी म्हटलं. "दुष्काळ आले, तापाच्या साथी आल्या, साप चावले. एकही जण त्याआधी गेला नाही. एक जरी गेला असता तर ही बडबडी मुलगी आज पहिल्या बाकावर नसती. इथे कुणाच्याही ऐवजी दुसरं कुणी चालत नाही. मासा जितका लागतो तितकेच तुम्ही लागता."

हे मी पाठ करून आले नव्हते.

नात आजोबांकडे बघत होती. "म्हणजे आजोबा माशाइतके महत्त्वाचे?"

"थोडे जास्त," मी म्हटलं. "मासा तुला शाळेच्या बसपर्यंत सोडायला येत नाही."

ती उठली आणि खाली वाकायला लागली. आजोबांनी तिचा दंड धरला. "इथे नको," ते म्हणाले, "तमाशा होतो. घरी." पण दंड त्यांनी सोडला नाही. तसेच धरून उभे राहिले आणि कागदावरच्या काट्याकडे बघत स्वतःशीच काहीतरी जुळवल्यासारखं म्हणाले, "परवा सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्यांचं त्या दिवशी करतात. बाई, तुमचा तो पहिला मासा, त्याची तिथी कुणाला माहीत आहे का?"

"कुणालाच नाही, आजोबा."

"मग झालं तर. शास्त्रात सोय आहे." नातीकडे वळून म्हणाले, "गुरुजींना तू विचारायचं नाहीस. मी बघतो."

मुख्याध्यापिकांनी घसा साफ केला. "मग आजोबा, धड्याचं काय करायचं? ठेवायचा बाईंकडे?"

"त्यांच्याकडेच ठेवा," आजोबा म्हणाले. "पण पुरा शिकवायला सांगा. पोरगी अर्ध्यावर घरी आली म्हणून एवढं रामायण झालं." मागचे पालक माना डोलवत होते, पण त्यांचं लक्ष डब्याकडे होतं. मुलाच्या आईने भाकऱ्या बाहेर काढल्याच होत्या. घंटा व्हायच्या आत माझा सगळा पुरावा फस्त झाला आणि मुलांनी काटे आपापल्या वहीच्या पानावर चिकटवून घेतले. नंदाखालच्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

आजोबांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. उशी मी धरली होती. मनातून इतकी हलकी झाले होते की फाटकापर्यंत मीच बोलत होते. धडा वाचला होता. पुढच्या वर्षीही कुणीतरी मला विचारणार होतं, हे खरं आहे का.

रिक्षापाशी थांबून त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे कधी असतं?"

"काय?"

"श्राद्ध."

"आमच्याकडे नसतं," मी म्हटलं. "आई-वडील दोघंही गेले. मी एकुलती एक. करणारं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर मी मानत नाही."

"मानायचं कोण विचारतंय? तिथी काय त्यांची?"

मी सांगायला गेले आणि थांबले. तारखा पाठ होत्या. आई गेली तो मंगळवार होता, वडील गेले तेव्हा दहावीचे पेपर तपासायला आले होते, सगळं आठवत होतं. तिथी कधी कुणी काढलीच नव्हती. "माहीत नाही," मी म्हटलं.

"मग परवा आमच्यात त्यांचंही पान घालतो."

"अहो आजोबा, असं कसं? आपलं काही नातं नाही."

ते रिक्षात बसता बसता थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी धडा कच्चा राहिलेल्या मुलाकडे बघते. "आत्ता तासभर काय शिकवत होतात?"

भर रस्त्यात, हातात हवेची उशी घेऊन, मी रडले. इतकी वर्षं हा धडा दुसऱ्यांच्या मुलांना पटवत आले, मला स्वतःला तो कधी लागू पडेल असं वाटलं नव्हतं. आजोबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. उशी माझ्या हातातून काढून घेतली, सीटवर नीट बसवली आणि विचारलं, "वडिलांना काय आवडायचं?"

"बांगडा," मी नाक पुसत म्हटलं.

आजोबांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. शेवटी म्हणाले, "गवार-भोपळ्याची भाजी चालेल?"

माझ्या वडिलांनी जन्मात गवारीला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "चालेल."